‘दारूची कावीळ’ लिहिण्याआधी : डॉक्टर मंडळींना एका लॅबवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
राज्यातले फिजिशियन, जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर आणि सरकारी हिपॅटायटिस केंद्रांवरची सगळी मंडळी यांस,

स. न. वि. वि.

२०२२ साली गटारी २८ जुलैला आली होती. जागतिक हिपॅटायटिस दिनही २८ जुलैलाच असतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधणाऱ्या बारुक ब्लुमबर्ग यांचा तो जन्मदिवस. आमच्या तालुक्याच्या गावात त्या दिवशी सकाळी नर्सिंगच्या मुली फलक घेऊन फेरीला निघाल्या आणि संध्याकाळी त्याच रस्त्यावर वाइन शॉपपुढे रांग लागली. लॅबच्या पायरीवर उभा राहून मी दोन्ही मिरवणुका बघितल्या आणि हसलो. त्या रात्री माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने हिपॅटायटिस सीची गोळी मुद्दाम घेतली नाही, हे मला बरंच नंतर कळलं. का घेतली नाही, ते पुढे येईलच.

मी डॉक्टर नाही. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून सत्तावीस वर्षं लॅबमध्ये काम करतोय. तुमची चिठ्ठी येते, मी बल्बमध्ये रक्त घेतो, सेंट्रीफ्यूज फिरवतो आणि वर सुटलेल्या सिरमचा रंग बघतो. बिलिरुबिन (काविळीचा पिवळेपणा) किती येणार याचा अंदाज मशीनच्या आधी मला येतो, एवढीच माझी विद्या. पण तुम्ही एका वेळी एक पेशंट बघता, माझ्यासमोर चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो. गठ्ठ्यात काही गोष्टी दिसतात, त्या सांगायला हे पत्र.

चिठ्ठीवर ‘क्रॉनिक अल्कोहोलिक’ लिहिलेलं असलं की खाली काय असणार ते मी न वाचता सांगू शकतो. एलएफटी (लिव्हरची तपासणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फार तर पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि पोटाची सोनोग्राफी. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी बहुतेक वेळा नसते. या उलट हर्निया, मोतीबिंदू, सिझर अशी कुठलीही चिठ्ठी घ्या; एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी), एचसीव्ही (हिपॅटायटिस सी) तिन्ही ठळक अक्षरांत. म्हणजे विषाणू आपण शोधतो, पण पेशंटच्या लिव्हरसाठी नाही, सर्जनच्या बोटांसाठी. राग मानू नका. सर्जनची बोटं जपलीच पाहिजेत. पण ज्याचं लिव्हर आधीच दारूने झिजतंय त्याला हाच प्रश्न कुणी का विचारत नाही? तर पिणाऱ्या माणसाचं लिव्हर बिघडलं की कारण सापडलं, असं आपण धरून चालतो. ‘आपण’ म्हणतोय, कारण त्यात मीही आलो.

माझ्या दादाच्या बाबतीत मी तेच केलं. दादा ट्रकच्या बॉड्या रंगवायचा. संध्याकाळी थिनरचा वास घालवायला म्हणून सुरुवात झाली, पुढे वासाची गरज उरली नाही. कावीळ झाली तेव्हा वहिनी त्याला माळ घालून घ्यायला शेजारच्या गावी घेऊन गेली. माळ लांबत गेली, डोळे पांढरे झाले, माळ देणाऱ्याला नारळ मिळाला. वर्षभराने पुन्हा थकवा, पायांना सूज. या वेळी डॉक्टरकडे नेलं, चिठ्ठी माझ्याकडेच आली. लिव्हरची दोन एन्झाइमं मोजली, एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट. आम्ही लॅबवाले हे गुणोत्तर पाठ म्हणतो: एसजीओटी दुप्पट म्हणजे दारू. चिठ्ठीवर ‘दारूची कावीळ’ असं निदान होतंच, मी मान डोलावली. पण विषाणूने लिव्हर पार आवळत आणलं की हे गुणोत्तर दारूशिवायही उलटं होतं. हे मला माहीत होतं. सख्ख्या भावाच्या वेळी आठवलं नाही. एचसीव्हीचं रॅपिड कार्ड, म्हणजे झटपट तपासणीची पट्टी, माझ्या मागच्या फ्रीजमध्ये होतं, दोन थेंब सिरम लागलं असतं.

चार वर्षांनी हर्नियाच्या ऑपरेशनआधी ते कार्ड लागलं आणि दोन रेषा उमटल्या. मग आठवणींची उजळणी झाली. १९८८ साली दादाला अपघात झाला होता, रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या होत्या. हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला १९८९ साली. म्हणजे त्या बाटल्या तपासण्याची सोय तेव्हा जगात कुठेच नव्हती. ते रक्तच कारण होतं की आणखी काही, हे आता कोण सांगणार. पण तीसेक वर्षं विषाणू आत आणि त्यातली वीस वर्षं दारू सोबतीला, एवढं नक्की.

ही सोबत कशी चालते ते तुम्ही शिकून आला आहात. बाकी वाचणाऱ्यांसाठी माझ्या भाषेत सांगतो. लिव्हरची पेशी फुटली की तिच्यातलं एसजीपीटी रक्तात सांडतं, मी मोजतो ते हे सांडलेलं. विषाणूमुळे पेशी थोड्या थोड्या, पण रोज फुटत राहतात. फुटल्या जागी लिव्हर डाग बुजवल्यासारखं तंतूंचं जाळं भरतं. दारू लिव्हरमध्ये गेली की तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं. ते स्वतः विषारी आणि तंतू विणणाऱ्या पेशींना चेव आणणारं. शिवाय दारूमुळे आतड्याची भिंत सैल होते, तिथल्या जंतूंचे विषारी अंश थेट लिव्हरकडे येतात आणि सूज आणखी भडकते. विषाणूला आवर घालणारी प्रतिकारशक्ती मंदावते ती वेगळीच. दोघांचं नुकसान नुसतं बेरजेने वाढत नाही, एकाची जखम दुसरा भरू देत नाही.

१९९७ साली फ्रेंच संशोधकांनी हिपॅटायटिस सीच्या २,२३५ रुग्णांच्या लिव्हरचे तुकडे तपासून लिहिलं की दिवसाला ५० ग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल घेणाऱ्यांत हे तंतू वेगाने वाढतात. ५० ग्रॅम ऐकायला फार वाटतं. हिशोब करा. व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. १८० मिलीच्या चपटीत शुद्ध अल्कोहोल होतं सुमारे ७७ मिली, वजनात ६० ग्रॅम. म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘फार नाही हो, रोजची एक क्वार्टर’ म्हणतात, तो माणूस त्या रेषेच्या वर आहे. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची मोठी बाटली ४० ग्रॅमच्या पुढे जाते, तरी ‘मी दारू पीत नाही, फक्त बिअर’ हे वाक्य तुम्ही आठवड्यातून किती वेळा ऐकता? आणि ५० ग्रॅमच्या आत सगळं आलबेल असाही त्याचा अर्थ नाही. हिपॅटायटिस बी किंवा सी असलेल्या माणसासाठी बिनधोक असं माप नाही.

दुसऱ्या बाजूची चिठ्ठी याहून मजेशीर असते. हिपॅटायटिस पॉझिटिव्ह आलेल्या माणसाच्या केसपेपरवर खाली एक ओळ: ‘मद्यपान टाळावे’. तेलकट टाळावे, जागरण टाळावे, मद्यपान टाळावे. एका रांगेत! किती पितो, कधीपासून, सकाळी हात थरथरतात का, याची नोंद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिपॅटायटिस सीच्या मार्गदर्शनात प्रत्येक रुग्णाच्या मद्यपानाची मोजणी करा, जास्त पिणाऱ्याला थोडक्यात का होईना समुपदेशन द्या, असं कधीचं लिहिलेलं आहे. त्यासाठी तीन प्रश्न पुरतात. किती दिवसांनी घेतो, घेतो तेव्हा किती, आणि एका बैठकीत सहा पेग किंवा जास्त किती वेळा होतात. सहा छोटे पेग म्हणजे बरोबर एक चपटी, म्हणून तिसरा प्रश्न आपल्याकडे ‘एकट्याने चपटी किती वेळा संपवतोस?’ असा विचारला की उत्तर खरं मिळतं. बायको बाहेर बसलेली असताना विचारला तर आणखी खरं.

आणि मग नुसतं ‘उद्यापासून बंद’ म्हणू नका. श्रावणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आमच्याकडे येणारी सॅम्पलं मला आठवतात. गटारीला भरपूर घेतलेली, मग एकदम बंद. हात कापतात, घाम, उलट्या, कुणाला फिट. नातेवाईक म्हणतात देवाचं काही चुकलं असेल. रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत सोडणं जिवावर बेतू शकतं, त्याला औषधाच्या आधाराने उतरवावं लागतं. तेही त्याच्या लिव्हरला झेपेल असंच औषध बघून, कारण नेहमीची झोपेची गोळी त्याच्या अंगात साठून राहते. हे तुमचंच शास्त्र आहे, मी फक्त आठवण करतोय. (श्रावणाचा एक फायदा मात्र लॅबमध्ये दिसतो. महिनाभर खरंच सोडणाऱ्याचा जीजीटीपी (हेही लिव्हरचंच एन्झाइम), एसजीओटी चांगलाच खाली येतो. श्रावण कडक पाळूनही एसजीपीटी चढलेलाच राहिला तर तिथे दारूशिवाय आणखी कुणीतरी राहतंय असं समजा आणि कार्ड लावा.)

आता खरी तक्रार. दादाचं कार्ड पॉझिटिव्ह आलं तेव्हा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू होऊन तीन वर्षं झाली होती; २८ जुलै २०१८ ला तो सुरू झाला. तपासणी फुकट, गोळ्या फुकट. मी त्याला एका केंद्रावर घेऊन गेलो. नाव लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती. तोंडाला वास आला आणि सांगण्यात आलं: आधी सहा महिने दारू बंद, मग गोळ्या सुरू. दादा म्हणाला, ‘म्हणजे मी आधी बरा होऊन यायचं.’ आणि पुढचे अकरा महिने तो त्या बाजूला फिरकला नाही.

ही सहा महिन्यांची अट कुठून आली ते मला कळतं. इंटरफेरॉनची इंजेक्शनं होती तेव्हा सहा महिने ते वर्षभर दर आठवड्याला टोचायचं, ताप, नैराश्य, आणि पिणाऱ्यांत गुणही कमी. तेव्हाची ती अट. आताच्या गोळ्या १२ आठवड्यांच्या आहेत आणि शंभरातले ९५हून जास्त बरे होतात. पितो म्हणून गोळ्या नाकारू नका, असं आता यकृततज्ज्ञांच्या मोठ्या संघटनांचीही मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. उलट विचार करून बघा. जो पितो त्याचंच लिव्हर सगळ्यात वेगाने चाललंय. त्यालाच रांगेत सगळ्यात मागे उभं करायचं, हा कुठला न्याय? इंटरफेरॉन गेलं, त्याची अट मात्र ओपीडीत खुर्ची टाकून बसली आहे.

दुसऱ्या एका केंद्रावर एका तरुण डॉक्टरबाईंनी काही न विचारता त्याला २८ गोळ्यांची पहिली बाटली दिली. म्हणजे विचारलं, पण अट घातली नाही. ‘काका, कमी करता येतंय का बघा, नाही जमलं तरी गोळी चुकवू नका,’ एवढंच. दादाने निम्म्यावर आणली. पण एक गोष्ट त्याला कुणी नीट सांगितली नव्हती, मीही नाही. गोळी आणि दारू पोटात एकत्र आली की विष होतं, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून ज्या दिवशी घ्यायची त्या दिवशी तो गोळी टाळायचा. गटारीची रात्र त्यातलीच. बाटलीत पाच गोळ्या उरल्या तेव्हा हे उघड झालं.

हे फक्त दादाचं नाही. हिपॅटायटिस बीची टेनोफोव्हिर वर्षानुवर्षं घेणारे कितीतरी लोक शनिवारी-रविवारी गोळीला सुट्टी देतात, कारण ‘दोन्ही एकत्र नको’. बीच्या गोळ्या मधेच बंद पडल्या तर दबलेला विषाणू उसळी मारून लिव्हर एकदम खाली बसू शकतं. प्यायलास तरी गोळी घे, हे वाक्य तोंडातून काढायला डॉक्टरांना संकोच वाटतो, पिण्याला परवानगी दिल्यासारखं वाटतं. पण न बोलल्याने पिणं थांबत नाही, गोळी तेवढी थांबते.

बीबद्दल आणखी दोन शब्द, कारण आपल्या देशात प्रश्न मोठा तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात बीचे २ कोटी ९८ लाख आणि सीचे ५५ लाख लोक होते. बाळांना बीची लस देशभर मिळायला लागली २०११ साली. म्हणजे आज बारमध्ये बसायच्या वयाची जवळजवळ सगळी पिढी त्या सरकारी लशीच्या आधीची. त्यातल्या ज्यांना बी नाही त्यांना तीन डोस देऊन मोकळं व्हा. आणि ज्यांना आहे त्यांना ‘तुम्ही नुसते कॅरिअर, काही होत नाही’ म्हणून घरी पाठवू नका. बीमध्ये लिव्हरचा कॅन्सर सिरॉसिस (तंतूंनी भरून लिव्हर कडक होणं) न होताही होऊ शकतो, आणि दारू तो धोका वाढवते. ‘काही होत नाही’ हे वाक्य घेऊन माणूस थेट मित्रांत जातो आणि ग्लास उचलतो. एक विसंगती बघा: बी एकत्र जेवल्याने पसरतच नाही, तरी त्याच माणसाचा घरात ताट-तांब्या वेगळा काढलेला असतो, आणि जे खरंच मारतं त्याच्यासाठी मित्र शेजारी बसवून घेतात.

पुड्यांबद्दल सांगायचं राहिलं. ‘न सांगता दारू सोडवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या वहिनीने दादाच्या आमटीत दोन महिने घातल्या. पुडीवर घटकांचं नाव नव्हतं. अशा पुडीत डायसल्फिराम (दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध) असेल तर ते औषध स्वतःच लिव्हरला इजा करू शकतं; आधीच सिरॉसिस असलेल्या, आणि पीत राहिलेल्या माणसाला नकळत ते देणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. वहिनीला मी दोष देत नाही. तिला दुसरा दरवाजा कुणी दाखवला होता? हिपॅटायटिसचं केंद्र एका मजल्यावर, मानसोपचार आणि व्यसनमुक्तीचा विभाग दुसऱ्या इमारतीत, आणि मधे कुणी हात धरून नेणारं नाही. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मदत क्रमांक आहे. तो तरी केसपेपरच्या कोपऱ्यात छापा.

(जाता जाता: आपल्या राज्यात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा जो परवाना मिळतो, तो आरोग्य राखण्यासाठी दारू लागते या आधारावर. सिरॉसिसचा पेशंट असा परवाना खिशात घेऊन माझ्याकडे रक्त द्यायला आला होता. दाखवून हसला. मलाही हसावंच लागलं.)

दादाचं पुढे असं झालं. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली, विषाणू नाही. पाच गोळ्या चुकल्या तरी विषाणू गेला, नशीब. त्याने तो रिपोर्ट लॅमिनेट करून घेतला. आणि बरा झालो म्हणून पुन्हा पूर्वीच्या मापावर गेला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की विषाणू गेला तरी सिरॉसिस जात नाही, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागतेच, आणि आता लिव्हर मारायला दारू एकटी पुरेशी आहे. २०२४च्या गणपतीत रक्ताची उलटी झाली. एन्डोस्कोपीत फुगलेल्या शिरा बांधल्या. हॉस्पिटलात दारू बंद झाली ती अर्थातच एकदम, आणि तिसऱ्या रात्री तो चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचत होता. त्या वॉर्डातल्या रेसिडेंट डॉक्टरने मानसोपचार विभागाला स्वतः फोन करून रात्री साडेअकराला माणूस बोलावला. लिव्हर आणि दारू यांचे डॉक्टर एकाच खाटेपाशी उभे असलेले मी त्या रात्री पहिल्यांदा बघितले. तेव्हापासून दादा प्यायलेला नाही. लॅमिनेट केलेला रिपोर्ट वहिनीने कपाटात खाली टाकलाय.

आता माझं मागणं. तुम्हाला जी चिठ्ठ्यांची पुस्तकं आमच्या लॅबकडून फुकट येतात, ती संपत आली आहेत. नवीन छापायला देताना मी आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांच्या संमतीने दोन बदल केलेत. एलएफटीच्या चौकोनाशेजारी एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्हीचे चौकोन ओढून घेतलेत, एका टिकेत तिन्ही होतील. आणि खाली एक ओळ आहे: ‘मद्य: दिवस/आठवडा ____ माप ____ कधीपासून ____’. माप लिहिताना पेग, क्वार्टर, देशी, हातभट्टी, काहीही लिहा, ग्रॅमचा हिशोब मी रिपोर्टवर करून देईन. सीबीसी आणि एलएफटी दोन्ही असतील तर वय आणि प्लेटलेट धरून एफआयबी-४चा, म्हणजे लिव्हरमध्ये तंतू किती भरलेत याच्या अंदाजाचा, आकडाही खाली टाकेन. कालच प्यायलेल्या माणसात तो थोडा फुगून येतो, तेही लिहीन.

पुस्तकं सोमवारपर्यंत येतील. सरकारी केंद्रांवर छापील केसपेपर वरून येतो, तिथे बदल माझ्या हातात नाही. पण तोवर रबरी शिक्का चालेल. शिक्क्याचा मजकूर हवा असेल तर लॅबमध्ये कुणालाही पाठवा, मी सकाळी सातपासून असतो. उपाशीपोटीची सॅम्पलं आधी घेतो, तेवढं थांबायला सांगा.

आपला,
एक लॅब टेक्निशियन